आगबोटीच्या अटलांटिक टपालाचे दुकान: हिशोब चोख, बोटींची नावे मात्र तपासून घ्यावीत

इंग्लंडमधील एका लहान गावातून चालणारे हे दुकान एकोणिसाव्या शतकातील टपालाचे, विशेषतः ब्रिटन आणि अमेरिका यांच्या दरम्यान आगबोटीने गेलेल्या पत्रांचे साहित्य विकते. मालक सगळा व्यवहार एकटेच पाहतात आणि त्यांना प्रसिद्धीची हौस नाही, त्यामुळे दुकानाचे नाव येथे दिलेले नाही. दर काही महिन्यांनी निघणारी सचित्र यादी, पत्राने किंवा ईमेलने मागणी आणि न पटल्यास ठरलेल्या मुदतीत माल परत घेण्याची हमी, एवढ्यावर हा व्यवसाय उभा आहे. मी पुण्यातून या दुकानाशी व्यवहार करतो आणि माझ्या संग्रहातील अटलांटिक टपालाचा मोठा भाग तेथूनच आला आहे. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या मराठी संग्राहकांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

तिकीट-संग्राहकाला तिकीट विकत घेताना त्याचा रंग, दंतुरता आणि अवस्था पाहावी लागते. या पत्रांचे तसे नाही. येथे लिफाफ्यावर शिक्क्यांनी आणि लेखणीने उमटलेल्या आकड्यांचा हिशोब जुळला तरच त्या कागदाला किंमत आहे, आणि तो हिशोब विक्रेत्याने वर्णनात मांडलेला नसेल तर ग्राहक केवळ एक जुना, मळका कागद घेत असतो. म्हणून अशा दुकानाची परीक्षा एकाच कसोटीवर व्हावी असे माझे ठाम मत आहे: वर्णनात प्रत्येक सेंटचा आणि प्रत्येक पेनीचा जाब दिला आहे का? ब्रिटन-अमेरिका या मुख्य मार्गाच्या बाबतीत हे दुकान या कसोटीला पूर्ण उतरते. फ्रान्सच्या पत्रांत आणि बोटींच्या नावांत ते कमी पडते.

हा हिशोब कसा चालतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ४ जुलै १८४० रोजी ‘ब्रिटानिया’ ही आगबोट लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे बॉस्टनला निघाली आणि सॅम्युएल क्युनार्ड यांच्या, ब्रिटिश सरकारच्या कंत्राटावर चालणाऱ्या नियमित टपाल-सेवेला आरंभ झाला. त्या वेळी अर्ध्या औंसाच्या पत्राला एक शिलिंग पडे आणि अमेरिकेतील देशांतर्गत हशील त्याहून वेगळे द्यावे लागे. दोन्ही देशांत टपाल-करार झाला तो १५ डिसेंबर १८४८ रोजी आणि तो १५ फेब्रुवारी १८४९ पासून अमलात आला. त्यानुसार अर्ध्या औंसाला २४ सेंट किंवा एक शिलिंग असा एकच दर ठरला आणि पत्र पाठवणाऱ्याने ते भरावे की घेणाऱ्याने, हे पाठवणाऱ्याच्या इच्छेवर राहिले. त्या २४ सेंटचे तीन वाटे होते: अमेरिकेतील वाहतुकीचे ५, समुद्रप्रवासाचे १६ आणि ब्रिटनमधील वाहतुकीचे ३. समुद्राचे १६ सेंट ज्या देशाच्या कंत्राटी बोटीने पत्र नेले त्या देशाला मिळत. उरलेली सगळी गुंतागुंत या एका नियमातून निर्माण होते. पैसे एकच देश वसूल करी; म्हणून पत्र पाठवणाऱ्या देशाला, हशील आगाऊ भरलेले असल्यास दुसऱ्या देशाचा वाटा त्याच्या खात्यात जमा करावा लागे आणि भरलेले नसल्यास आपला वाटा येणे म्हणून त्याच्या नावे टाकावा लागे, आणि ती रक्कम पत्रावरच उमटवली जाई. हशील आगाऊ भरलेल्या पत्रावर ती लाल शाईत आणि न भरलेल्या पत्रावर काळ्या शाईत असे.

या दुकानाच्या यादीतून घेतलेले एक पत्र मुद्दाम उदाहरण म्हणून घेतो. न्यूयॉर्कहून लंडनला गेलेल्या या लिफाफ्यावर १८५१ च्या मालिकेतील १२ सेंटच्या काळ्या तिकिटांची जोडी आहे. २४ सेंटचे तिकीट १८६० पर्यंत निघालेलेच नव्हते, त्यामुळे १८५० च्या दशकात हा दर भरण्याचा तो एक सरळ मार्ग होता. तिकिटांच्या डावीकडे न्यूयॉर्कच्या विनिमय-कार्यालयाचा, म्हणजे परदेशी टपालाची देवघेव आणि हिशोब पाहणाऱ्या कार्यालयाचा, लाल गोल शिक्का आहे आणि त्यातच ‘१९’ हा आकडा आहे. दुकानाचे वर्णन असे सांगते की अमेरिकेने स्वतःचे ५ सेंट ठेवून ब्रिटनच्या खात्यात १९ जमा केले, म्हणजेच समुद्राचे १६ ब्रिटनचे होते, म्हणजेच पत्र क्युनार्डच्या बोटीने गेले. त्या जागी लाल ‘३’ असता तर हेच पत्र अमेरिकी कंत्राटाच्या बोटीने गेले असे ठरले असते. याशिवाय, तिकिटांवरील रद्द-शिक्का लिफाफ्याच्या कागदावर कुठवर उतरला आहे आणि जोडीतील उजव्या तिकिटाची कड कोठे कात्रीत सापडली आहे, हेही वर्णनात स्पष्ट लिहिलेले होते. पत्र हाती आले तेव्हा प्रत्येक शब्द तसाच निघाला. अशा वर्णनाचे मोल मी मालाच्या किमतीत धरतो आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यायला माझी हरकत नसते.

हशील न भरलेल्या, म्हणजे नॉटपेड पत्रांचा विभाग तर या दुकानाचे खरे बलस्थान आहे. लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेलेल्या अशाच एका पत्रावर काळ्या शाईत ‘१९ सेंट’ असा ठसा आहे आणि त्याशेजारी अमेरिकेत मारलेला ‘२४’. पहिला आकडा ब्रिटिश कार्यालयाने अमेरिकेच्या नावे टाकलेली रक्कम आहे, दुसरा पत्र घेणाऱ्याने बटवड्याच्या वेळी मोजलेली. आकडा वरच्या पत्रावरचाच १९, पण शाईचा रंग बदलताच जमेचे नावे झाले आणि दिशाही उलटली. नवशिक्या संग्राहकाने सुरुवात अशा पत्रांपासून करावी, कारण त्यांच्यावर तिकीट नसल्याने तिकिटवाल्यांची झुंबड नसते, किंमत माफक राहते आणि नियम मात्र सगळे शिकायला मिळतात. दुकानही ही पत्रे कोपऱ्यात ढकलत नाही. अर्धवट हशील भरलेली पत्रेही येथे अधूनमधून मिळतात आणि मला ती विशेष प्रिय आहेत. या करारात अर्धवट भरणा मान्यच नव्हता, त्यामुळे २४ ऐवजी २१ सेंटची तिकिटे लावणाऱ्याचे ते २१ सेंट पूर्ण बुडत आणि पत्र घेणाऱ्याला पुन्हा पूर्ण २४ मोजावे लागत. तिकिटे लावलेली असूनही पत्रावर काळ्या शाईतले आकडे दिसले की त्यामागे बहुधा हाच कठोर नियम असतो. तो नियम ठाऊक नसलेले विक्रेते अशा लिफाफ्याचे वर्णन काहीही करून मोकळे होतात, पण येथे तसे घडलेले मी पाहिले नाही.

यादीतील सर्वांत महाग विभाग १८४७ आणि १८४८ या दोन वर्षांचा आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. १ जून १८४७ रोजी ‘वॉशिंग्टन’ ही अमेरिकी टपाल-आगबोट न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनमार्गे ब्रेमेनला जाण्यासाठी निघाली. क्युनार्डच्या मक्तेदारीला हे पहिले सरकारी आव्हान होते. ब्रिटिश टपाल खात्याने ९ जूनला हुकूम काढला की ही बोट ब्रिटिश कंत्राटाची नसली तरी तिच्यातून आलेल्या पत्रांवर पूर्ण एक शिलिंग आकारला जाईल. ज्या प्रवासाचे पैसे अमेरिकेने आधीच घेतले होते त्याचेच पैसे ब्रिटनने पुन्हा घेतले, तेही स्वतः काही न वाहता. वाटाघाटी वर्षभर रेंगाळल्या आणि अखेर अमेरिकेच्या काँग्रेसने २७ जून १८४८ रोजी कायदा करून ब्रिटिश बोटींनी जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांवर तसाच आकार बसवला. ही जशास तशी आकारणी जेमतेम सहा महिने टिकली. १८४९ च्या जानेवारीच्या आरंभी ती थांबली आणि पुढच्या महिन्यात करार अमलात आला.

या सहा महिन्यांतील लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला गेलेले एक पत्र मी या दुकानातून घेतले. पत्रावर लाल शाईत एक शिलिंग भरल्याची लेखणीची खूण आहे, म्हणजे समुद्राचे पैसे इंग्लंडमध्ये चुकते झाले होते. तरीही त्यावर अमेरिकेने काळ्या शाईत ‘२९’ मारला आहे: समुद्राचे २४ आणि बॉस्टनहून न्यूयॉर्कपर्यंतचे, ३०० मैलांच्या आतले, ५. एकाच प्रवासाचे भाडे दोनदा वसूल झाल्याचा हा लेखी पुरावा आहे. दुकानाने वर्णनात ही बेरीज फोडून दाखवली होती आणि पत्र बॉस्टनला उतरले म्हणूनच त्यावर ते ५ सेंट आले, हाही मुद्दा सोडला नव्हता. या पत्राची किंमत त्याच यादीतील साध्या नॉटपेड पत्राच्या कितीतरी पट होती. ती मला योग्य वाटली, कारण या काळातील पत्रे मुळातच कमी आहेत आणि दोन सरकारांमधील एवढे मोठे भांडण दोन आकड्यांत मावलेले दुसरीकडे क्वचित पाहायला मिळते.

आता त्रुटींकडे येतो. अमेरिका आणि फ्रान्स यांच्यातील करार १ एप्रिल १८५७ पासून लागू झाला. त्याचा दर पाव औंसाला १५ सेंट होता आणि फ्रान्सच्या बाजूने साडेसात ग्रॅमला ८० सांतिम. येथे जमेचे आकडे निराळे आहेत. अमेरिकी बोटीने थेट फ्रान्सला गेलेल्या एकेरी पत्रावर ३, अमेरिकी बोटीने पण इंग्लंडमार्गे गेल्यास ६ आणि ब्रिटिश बोटीने इंग्लंडमार्गे गेल्यास १२. पेच असा की इंग्लंडमार्गे अमेरिकी बोटीने गेलेले दुहेरी वजनाचे पत्र असेल तर सहाची दुप्पट होऊन तेथेही १२ हाच आकडा येतो. दुकानाने मला पाठवलेल्या एका पत्रावर ३० सेंटची तिकिटे होती, लाल १२ होता आणि वर्णनात मात्र ‘ब्रिटिश बोटीने’ असे लिहिले होते. ते अशक्य आहे. ब्रिटिश बोटीने गेलेल्या ३० सेंटच्या पत्रावर २४ जमा व्हायला हवे होते. शिवाय कॅलेच्या रेल्वे-टपालाचा फ्रेंच प्रवेश-शिक्का त्यावर होता आणि त्यात ‘सेर्व. ब्र.’ (ब्रिटिश सेवा) नसून ‘सेर्व. आम.’ (अमेरिकी सेवा) ही अक्षरे भिंगाखाली स्वच्छ वाचता येत होती. मी हे कळवल्यावर मालकांनी तत्परतेने दुरुस्ती मान्य केली आणि किंमत कमी करण्याची तयारीही दाखवली, जरी या दुरुस्तीने पत्राचे मोल घटत नव्हते. त्यांच्या सचोटीविषयी यातून शंका उरत नाही. तथापि त्याच यादीत असे आणखी एक वर्णन होते, आणि ज्या ग्राहकाला ही आकडेमोड अजून अवगत नाही त्याची नोंदवही अशा वर्णनामुळे कायमची बिघडू शकते. फ्रान्सचा विभाग मालकांनी एकदा मुळापासून तपासून घ्यावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

दुसरी त्रुटी मला अधिक खटकते. पत्र कोणत्या बोटीने गेले हे ठरवण्याचा आधार म्हणजे विनिमय-कार्यालयाच्या शिक्क्यावरील तारीख, कारण ती बहुधा बोट सुटण्याच्या दिवसाशी जुळते, आणि मग पलीकडच्या काठावरचा पोचीचा शिक्का. आत लिहिलेल्या पत्राची तारीख या कामी उपयोगाची नाही. सिनसिनाटीसारख्या आतल्या शहरात लिहिलेले पत्र बंदराला पोहोचायलाच काही दिवस जात. हे दुकान सहसा हा नियम पाळते, पण शिक्का पुसट असला तरी बोटीचे नाव देण्याचा मोह त्याला आवरत नाही. लाल ‘३’ असलेल्या आणि तारीख न वाचता येणाऱ्या एका पत्रापुढे ‘बहुधा आर्क्टिक’ असे लिहून किंमत वाढवलेली मी पाहिली. अमेरिकी कंत्राटावर चालणाऱ्या कॉलिन्स कंपनीची ‘आर्क्टिक’ २७ सप्टेंबर १८५४ रोजी केप रेसजवळ ‘व्हेस्टा’ या फ्रेंच आगबोटीशी टक्कर होऊन बुडाली आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली. त्याच कंपनीची ‘पॅसिफिक’ २३ जानेवारी १८५६ ला लिव्हरपूलहून निघाली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही. या नावांभोवती संग्राहकांची भावना आहे हे मी समजू शकतो, आणि या बोटींनी पूर्वी वाहिलेले पत्र हातात घेताना मलाही भरून येते. म्हणूनच ते नाव पुराव्याशिवाय लिहू नये. लाल ‘३’ पत्र अमेरिकी कंत्राटी बोटीचे आहे एवढेच सांगतो, आणि त्या काळात कॉलिन्सखेरीज ब्रेमेन व हाव्र या बंदरांना जाणाऱ्या अमेरिकी बोटीही साउदॅम्प्टनच्या वाटेने इंग्लंडचे टपाल नेत होत्या.

जर्मन मार्गांच्या विभागात, म्हणजे १८५२ पासून ३० सेंट दराने बंद थैल्यांतून इंग्लंड-बेल्जियममार्गे प्रशियाला जाणारी पत्रे आणि ब्रेमेन-हॅम्बुर्गच्या बोटींची स्वस्त पत्रे यांत, साठा थोडा आहे पण वर्णने बरोबर आहेत. १८६३ नंतरच्या नॉटपेड पत्रांवर दोन-दोन आकडे दिसतात, एक सोन्या-चांदीच्या नाण्यांतला आणि दुसरा घसरलेल्या कागदी नोटांतला; अमेरिकेच्या यादवी युद्धातील चलनाची अवस्था त्यांतून कळते. १८६४ च्या उन्हाळ्यातील अशा पत्रांवर दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीहून अधिक झालेला आढळतो. १८६८ च्या आरंभी दर २४ वरून १२ सेंटवर आला, १८७० च्या आरंभी ६ वर आणि १ जुलै १८७५ पासून सर्वसाधारण टपाल संघाच्या (आजच्या जागतिक टपाल संघाच्या पहिल्या रूपाच्या) नियमाने ५ सेंटवर, तेथे जमा-नावेचा हा सगळा व्यवहारच संपला. १८६९ च्या मालिकेतील १२ सेंटच्या हिरव्या तिकिटावर ‘अॅड्रिअॅटिक’ आगबोटीचे चित्र आहे, आणि त्याच वर्षी इंग्लंडला जाणाऱ्या साध्या पत्राचा दरही १२ सेंटच होता. आगबोटीच्या चित्राचे तिकीट लावून आगबोटीनेच गेलेले एकेरी पत्र दुकानात बहुधा असते, मात्र त्याची किंमत तिकिटवाल्यांच्या मागणीमुळे चढी असते.

मराठी वाचकाने या यादीत एक विभाग आवर्जून पाहावा. अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती मिशन-संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून त्यांचे काम अहमदनगरला सुरू झाले. बोर्डाचे मुख्य कार्यालय बॉस्टनला असल्यामुळे नगर-मुंबई आणि बॉस्टन यांच्यामधील पत्रव्यवहार याच अटलांटिक टपालाने, इंग्लंडमार्गे होत असे. १८६० च्या सुमारास अमेरिकेहून भारतात साउदॅम्प्टनमार्गे अर्ध्या औंसाला ३३ सेंट आणि फ्रान्समधील मार्सेय बंदराच्या जलद मार्गाने पाव औंसाला ३९ व अर्ध्या औंसाला ४५ सेंट पडत. दुकानातून आलेल्या, बॉस्टनहून अहमदनगरला पाठवलेल्या १८६२ च्या एका लिफाफ्यावर ३० सेंटचे नारिंगी आणि ३ सेंटचे गुलाबी तिकीट आहे. त्यावर ब्रिटनच्या नावाने लाल २८ जमा आहेत, म्हणजे अमेरिकेने आपले ५ ठेवले आणि समुद्रासह पुढचा सगळा वाटा ब्रिटनला गेला. हे पत्र अटलांटिक ओलांडून इंग्लंडात आले, जिब्राल्टर आणि माल्टामार्गे अलेक्झांड्रियाला पोहोचले, तेथून रेल्वेने सुएझला गेले आणि पुन्हा आगबोटीने मुंबईला उतरले. नगरला तेव्हा रेल्वे नव्हती. दुकान अशी पत्रे ‘ईस्ट इंडीज’ या सदरात मोघमपणे टाकते. आकड्यांचा हिशोब तेथेही बरोबर असतो, परंतु मुंबईच्या आणि नगरच्या शिक्क्यांविषयी एक ओळही नसते आणि पत्ता कोणाचा, त्या संस्थेचे महत्त्व काय, याचा उल्लेख नसतो. त्यामुळे किंमत त्यांच्या ऐतिहासिक मोलाच्या मानाने कमी राहते. आपल्याकडच्या संग्राहकांनी आणि संस्थांनी ही संधी घ्यावी, कारण महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या आणि मुद्रणाच्या इतिहासाशी जोडलेले हे कागद परदेशी संग्रहांत एक-एक करून पांगत आहेत.

लबाडीच्या बाबतीत दुकान सावध आहे. मूळच्या बिनतिकिटाच्या लिफाफ्यावर मागाहून तिकीट चिकटवून ‘हशील भरलेले’ पत्र तयार करणे हा या क्षेत्रातील जुना उद्योग आहे, आणि तो ओळखण्याचा उपाय पुन्हा हिशोबच आहे: काळ्या शाईतील नावे टाकलेली रक्कम आणि वर पूर्ण दराचे तिकीट ही जोडी एकत्र नांदू शकत नाही. महागड्या पत्रांसोबत दुकान लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीच्या किंवा न्यूयॉर्कच्या फिलॅटेलिक फाउंडेशनच्या तज्ज्ञांचे प्रमाणपत्र देते, आणि ते नसेल तर ग्राहकाने स्वखर्चाने ते मागवेपर्यंत परतीची मुदत वाढवून देते.

बांधणी उत्तम असते. प्रत्येक पत्र स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये येते. पीव्हीसीची पाकिटे दुकान वापरत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांतून सुटणारे द्रव्य शाई आणि कागद दोन्ही बिघडवते. आपल्या पावसाळी हवेत मात्र ही बंद पाकिटे तशीच ठेवू नयेत, आत दमटपणा कोंडून कागदावर तपकिरी ठिपके पडतात. भारतात माल पाठवताना नोंदणी आणि विमा यांचा खर्च वेगळा लागतो, सीमाशुल्काचा प्रश्न ग्राहकाला स्वतः सोडवावा लागतो, आणि त्यामुळे एक-दोन स्वस्त पत्रांची मागणी परवडत नाही. मालक सांगितल्यास पत्रे राखून ठेवतात आणि पुरेशी जमल्यावर एकत्र पाठवतात. मी याच पद्धतीने घेतो. ब्रिटन-अमेरिका आणि भारत या विभागांतील पत्रे, बोटीचे नाव तेवढे सोडून, वर्णनावर विश्वास ठेवून मागवावीत. फ्रान्सची पत्रे मागवण्यापूर्वी तिकिटांची रक्कम, लाल आकडा आणि फ्रेंच प्रवेश-शिक्का यांची मोठी छायाचित्रे मागून घ्यावीत. ती दुकान विनामूल्य आणि लगेच पाठवते.